वासरू कोणी आणलं

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला शाळेच्या सांगण्यावरून डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्याला एडीएचडी असल्याचं निघालं. लक्ष टिकत नाही, हातातलं काम अर्धं राहतं, वस्तू हरवतात, बसल्या जागी चुळबुळ चालते. हे सगळं समजावून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणी असं आहे का?" त्यावर बहीण इतकी हसली, की डॉक्टरांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

घरी पोचताच तिने दादाला आणि मला एकत्रच फोन लावला. आम्ही तिघंही चाळिशी ओलांडलेले. दादा घरची आंब्याची कलमं सांभाळतो, मी रत्नागिरीत हायस्कूलला भूगोल शिकवते आणि धाकटी रोज देवरूखला बँकेत जाते.

"आपण तिघांनी एकदमच तपासून घेऊ या," ती म्हणाली. "एका फेरीत काम होईल."

"मला काय धाड भरलीय?" दादा म्हणाला.

त्याच्या मागून वहिनीचा आवाज आला, "येतील हो ते! मी स्वतः आणून सोडीन." त्या आवाजात संसाराची सगळी वर्षं होती.

त्यासाठीच्या डॉक्टरबाई कोल्हापूरहून महिन्यातून एकदा रत्नागिरीत यायच्या. त्यांची एक अट होती. मोठ्या माणसांना तपासताना त्यांचं लहानपणही बघावं लागतं, म्हणून तेव्हा जवळून पाहिलेलं कुणीतरी सोबत हवं. म्हणजे आई.

आईला समजावायला मी बसले. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे परक्या बाईसमोर मी माझ्या पोरांच्या खोड्या सांगायच्या?"

"हो."

"खऱ्या?"

"खऱ्याच, आई."

"बघते," आई म्हणाली आणि कपाटातून लग्नाकार्याची साडी काढायला उठली.

ठरल्या दिवशी आम्ही दवाखान्यात शिरलो, तर आधीच आलेले लोक भिंतीला टेकून उभे होते. बाक उलटा होऊन जमिनीवर पडला होता आणि दादा उकिडवा बसून त्याचा पाय घट्ट करत होता. वहिनीने त्याला मुद्दाम एक तास अलीकडची वेळ सांगितली होती. त्यामुळे तो जन्मात पहिल्यांदा वेळेवर पोचला होता आणि त्या वेळेचं करायचं काय, हे त्याला कळत नव्हतं.

"काका, राहू द्या हो," काउंटरवरची मुलगी काकुळतीला आली होती.

"झालंच बघ," दादा म्हणाला. एक स्क्रू कमी पडत होता. तो शोधायला म्हणून तो बाहेर गेला, तो समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात पाण्याच्या पंपाबद्दल बोलत उभा राहिला.

पहिला नंबर माझा होता. मी भिंतीवरचं डासांच्या अळ्यांचं चित्र बघत होते. अळी पाण्यात उलटी लटकून श्वास घेते, हे मला माहीत नव्हतं. मला बऱ्याच हाका मारून झाल्या होत्या म्हणे. शेवटी आईने दंडाला धरून आत नेलं.

"ही लहानपणी कशी होती?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"गुणी," आई ताबडतोब म्हणाली. "तिघंही गुणी."

"त्रास द्यायची का?"

"छे हो. एका जागी बसून राहायची. हाक मारली तरी हलायची नाही."

"ऐकू यायचं नाही का?"

"ऐकू यायचं," आई म्हणाली. "पण ती तिथे नसायची ना."

डॉक्टरबाई भराभरा लिहायला लागल्या. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय, हे बघितल्यावर आईला चांगलाच हुरूप आला. "एकदा तर हिला मी साखर आणायला दुकानात पाठवली. साखर राहिली बाजूला, ही कुणाचं तरी वासरू घेऊन आली."

"आई, ते वासरू दादाने आणलं होतं," मी म्हटलं.

दार अर्धवट उघडंच होतं. त्यातून परत आलेल्या दादाचं डोकं आत आलं. "मी नाही आणलं. वासरू धाकटीने आणलं. मी आणला तो गवंड्याचा ओळंबा."

"ओळंबा मी आणला!" धाकटी बाहेरून ओरडली. "तू चुलीवर दूध ठेवून चिंचा पाडायला गेलास!"

"दूध माझं," मी म्हटलं. दूध खरंच माझं होतं. ते मी कुणाला देणार नव्हते.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. एरवी त्या एकेकालाच आत घेतात, पण इथे तिघांचं लहानपण एकमेकांत गुंतलं होतं. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं. मग एकेक गोष्ट निघाली आणि तिचा मालक ठरवायला सुरुवात झाली. आयुष्यभर ज्या गोष्टींवरून आम्ही बोलणी खाल्ली, त्यांवर आता आम्ही हक्क सांगत होतो. वासरू शेवटी दादाच्या नावावर लागलं. धाकटीने त्याबद्दल तोंड वाकडं केलं.

"आणि छत्र्या कोण हरवायचं?" तिने विचारलं.

"तिघंही," आई म्हणाली. एवढ्यावरच सगळ्यांचं एकमत झालं.

मग डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, "एवढं सगळं तुम्ही कसं सांभाळलंत?"

आईने पदर नीट केला. "सांभाळायचं काय त्यात? पोरं शाळेत निघाली की मी फाटकाशी उभी राहायची. हात मागे धरून विचारायची, ओळखा, माझ्या हातात काय आहे? ज्याचं जे विसरलेलं असायचं, तेच हातात असायचं. कुणाची कंपास, कुणाचा डबा. ओळखलं की हसत घेऊन पळायची. ह्यांच्या वडलांना राग फार. ओरडण्यापेक्षा म्हटलं, खेळच करावा."

मला तो खेळ पक्का आठवत होता. रोज सकाळी मी जिंकायचे. तो विसरभोळ्या मुलांसाठी काढलेला खेळ होता, हे मला त्या खोलीत बसल्यावर कळलं. मी दादाकडे बघितलं. तो छताकडे बघत होता आणि त्याचा पाय हलायचा थांबला होता. मग आई म्हणाली, "अजून काही सांगू? ह्याचं शेवाळावरून घसरणं राहिलं."

पुढच्या महिन्यात निकाल मिळाला. दादाला एडीएचडी होता. मलाही होता, शांत बसणाऱ्यांचाही एक प्रकार असतो म्हणे. धाकटीला नव्हता.

"नाही म्हणजे?" धाकटीने विचारलं.

डॉक्टरबाईंनी समजावलं. लहानपणी खोडकरपणा होता, पण तो तेवढाच. आताचं विसरणं आणि चिडचिड बहुधा थकव्याची होती. पहाटे उठून डबे, देवरूखची ये-जा, मुलाचा अभ्यास, झोप जेमतेम. शिवाय रक्तही कमी निघालं होतं.

"म्हणजे मी नुसतीच वेंधळी?" बाहेर पडल्यावर ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी शोधून काढलं, मी वेळ घेतली, मी सगळ्यांना गोळा केलं!"

"म्हणूनच तुला नाही," दादा म्हणाला. ते बरोबर होतं, पण बोलायची वेळ चुकली.

खानावळीत ती नुसता भात चिवडत होती. दादाने आपल्या ताटातली सुरमईची तुकडी उचलून तिच्या ताटात ठेवली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वाईट नको गो वाटून घेऊस. पुढच्या खेपेला मी त्यांना आणखी काहीतरी सांगते." त्यावर धाकटीला हसू फुटलं आणि ठसकाही लागला.

दादाने यंदा मोहोरावरची फवारणी वेळेत संपवली. वहिनी काही दिवस त्याच्याकडे संशयाने बघत होती. मी गोळ्या सुरू केल्यावर मुख्याध्यापकांचं भाषण पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. इतकी वर्षं विशेष काही हुकलं नव्हतं. धाकटीच्या घरी आता सकाळचे डबे तिचा नवरा भरतो आणि ती लोहाच्या गोळ्या घेते.

परवा रविवारी दुपारी मी तिला फोन केला. भाच्याने उचलला.

"मावशी, आई झोपलीय. उठवू?"

"नको रे, झोपू दे," मी म्हटलं. तसंही, फोन कशासाठी केला होता ते मला आठवत नव्हतं.