कुंपणावरून दिसणारे पाय

मी एका आईची आठवण बदलून लिहिली. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मीच केलं.

चक्रीवादळात आमच्या गावातल्या समुद्राजवळच्या जुन्या बागेतली मोठी झाडं आडवी झाली आणि बाग बरेच दिवस बंद राहिली. ती पुन्हा उघडताना लोकांच्या आठवणी जमवून आतल्या वाटेवर त्यांचे फलक लावायचं नगरपालिकेनं ठरवलं. शाळेत मराठी शिकवतो म्हणून काम माझ्याकडे आलं. मी खुशीत होतो. मोबाइल घेऊन दारोदार फिरलो. कुणाला बागेतला रेडिओ आठवत होता, कुणाचं लग्न तिथल्या बाकावर ठरलं होतं.

ज्यांच्याकडून मी नेहमी मासळी घेतो, त्या कोळीण मावशींनाही विचारलं. बोंबलांवर पाणी शिंपडत त्या म्हणाल्या, "मी कदी आत गेलेच न्हाय, मास्तर. टोपलीचा वास येतो म्हनून माळी फाटकातच अडवायचा. पोराला आत सोडायची न् भायेर उभी ऱ्हायची. तो झोक्यावर बसला का मेंदीच्या कुंपणावरून त्याचे पाय दिसायचे. वर आले का दिसायचे, खाली गेले का न्हाय. तेवढंच बगायची."

तो मुलगा मोठा होऊन बोटीवर गेला. एका वादळातून बोट परत आली, तो आला नाही. सगळ्या बाजाराला हे ठाऊक आहे.

घरी लिहायला बसलो तेव्हा उद्घाटनाच्या दिवशी त्या माळ्याची गोष्ट नको वाटली. मी लिहिलं, 'मासळी विकून झाली की मी मुलाला या बागेत आणायचे आणि माझ्या हातांनी झोके द्यायचे.' खाली मावशींचं नाव घातलं. वाचायला छान वाटलं. मावशींना मात्र वाचून दाखवलं नाही.

उद्घाटनाला त्या आल्या नव्हत्या. नंतर बाजारात गेलो, तर शेजारची कोळीण त्यांना चिडवत होती, "काय गो, माळ्याला काय चारलंस? आमाला फाटकातून हाकलायचा, न् तू आत झोके देत होतीस व्हय!"

मावशी हसल्या नाहीत. मला पाहून म्हणाल्या, "बोंबील घे, मास्तर. ताजे हायत. तुज्या गोष्टीगत बनवलेले न्हायत."

"लोकांना बरं वाटावं म्हणून लिहिलं, मावशी," मी पुटपुटलो.

"लोकांना?" त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला. "एकदा तरी माज्या हातानं झोका द्यावा, असं रोज वाटायचं मला. न्हाय दिला. पोर गेला. आता गाव म्हनतो, दिलास. मी कुनाकुनाला सांगू, न्हाय दिला म्हनून?"

त्यानंतर कितीतरी दिवस मी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मासळी घेतली. बायकोनं विचारलं, तर तिकडे स्वस्त मिळते म्हणालो.

खरं कारण तिलाही सांगितलं नव्हतं. लहानपणी मी रोज त्या बागेत जायचो. फाटकाबाहेर ठेवलेल्या टोपल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या बायका मी पाहिल्या होत्या. जवळून जाताना आई नाकाला पदर लावायची, मी नाक दाबायचो. मावशी मला आठवण सांगत होत्या तेव्हाच ते आठवलं होतं. माळ्याला मजकुरातून काढलं तेव्हा मी स्वतःलाही काढून घेतलं होतं.

शेवटी फलक बदलून घेतला. त्यांचे शब्द, त्यांच्याच बोलीत. मग त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, "एकदा बघायला चला."

एका संध्याकाळी त्या आल्या. टोपली फाटकाबाहेर ठेवून तिच्याजवळ उभ्या राहिल्या.

"टोपली घेऊन आत या, मावशी. आता कुणी अडवत नाही."

"ऱ्हाऊ दे. हितनंच वाच."

मी फलकापाशी जाऊन मोठ्यानं वाचलं. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. मेंदीचं कुंपण आता राहिलेलं नाही, झोके बाहेरूनच अख्खे दिसतात. दोन पोरं झोके घेत होती. मावशी एकटक तिकडे बघत होत्या.

वाचून झाल्यावर मी फाटकाबाहेर येऊन त्यांच्याजवळ उभा राहिलो.

"मावशी, तुम्ही इथं उभ्या होतात तेव्हा मी आत झोक्यावर होतो. तुमच्या जवळून नाक दाबून गेलो होतो. ते झाकायला मी तुमची आठवण मोडली. माझं चुकलं. मला माफ करा."