नुसतं ऐका

आमच्या शाळेत इंग्रजीचा तास चालू आहे हे एस.टी.च्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसालाही कळायचं. मी वाक्य म्हणायचो, त्याचा मराठी अर्थ सांगायचो आणि सगळा वर्ग ते वाक्य एका आवाजात परत म्हणायचा. यामागे माझा हिशेब होता. तास पस्तीस मिनिटांचा, वर्गात मुलं बासष्ट. हजेरी वजा केली तर एकेका मुलाच्या वाट्याला अर्धं मिनिटसुद्धा येत नाही. सगळ्यांनी एकदम म्हटलं, तर कुणीच गप्प बसत नाही. पाचवीपासून माझ्या हाताखालची मुलं अशीच तयार व्हायची आणि दहावीला इंग्रजीत नापास होणारे फार थोडे निघायचे. शाळेत दहावीचं इंग्रजी म्हणजे मी, असं ठरूनच गेलं होतं.

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही. धारूरच्या डोंगराकडची आमची गावं तशीही कोरडीच, पण त्या वर्षी खालच्या पट्ट्यातला ऊससुद्धा जळाला. सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. आमची शाळा कारखान्याच्याच शिक्षण संस्थेची. चेअरमनसाहेबांनी मुख्याध्यापकांना फोन करून सांगितलं, "हापिसात संगणक धूळ खायलेत. ऊस न्हाई तर वजनाच्या पावत्या कशाच्या काढायच्या? पोरायला घेऊन जा." ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या अंथरून सहा संगणक आले. त्यांतले चार चालू निघाले.

पुढच्या जूनमध्ये इंग्रजीच्या नव्या मॅडम आल्या. वय पंचविशीचं, शिक्षण लातूरला झालेलं. त्यांच्याकडे आठवी, नववी दिली. माझी मुलगी नववीत होती.

मॅडमनी पंधरवड्यात चारही संगणक मांडले. दर रविवारी धारूरला जाऊन तिथल्या नेट कॅफेतून इंग्रजी संवाद पेन ड्राइव्हवर भरून आणायच्या. लोडशेडिंगचं वेळापत्रक दारावर चिकटवलं आणि त्याप्रमाणे तास बदलून घेतले. मुलांच्या टोळ्या पाडल्या. एक टोळी कानाला हेडफोन लावून ऐकायची, दुसरी बाहेर व्हरांड्यात आपसात बोलायची. फरशी पुसायला पाणी नव्हतं म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. माझा तास सुटला की मी त्या चपलांच्या ढिगाजवळून जायचो. आत अगदी शांत असायचं. असल्या शांततेचा पगार मिळतो का, असं मनात यायचं आणि तरी पाय तिथून हलायचे नाहीत.

घरी आल्यावर मी मुलीला विचारायचो, "आज काय शिकवलं मॅडमनी?"

"शिकवलं नाही. ऐकलं."

"काय ऐकलं?"

"एक बाई होती. तिची बस चुकली."

"मग?"

"मग काही नाही. दुसरी आली."

पूर्वी शब्द अडला की ती वही घेऊन माझ्याकडे यायची. आता म्हणायची, "राहू द्या पप्पा, उद्या मॅडमना विचारते." इंग्रजीच्या मास्तराच्या घरात इंग्रजीचा शब्द शिळा करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन विचारायचा! मी बायकोला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला विचारलं की तुम्ही शंभरदा म्हणून घेता. लेकराचा घसा दुखतो."

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. पुढच्या वर्षी दहावीचं इंग्रजी कुणाकडे द्यायचं याचा विचार चालला होता. ते म्हणाले, "चेअरमनसाहेब येऊन मॅडमचा तास बघणार हायेत. ते म्हणतील तसं करू."

"साहेबांना इंग्रजी येतं का?"

"त्यांला शाळा येती, सर. तेवढं पुरे."

पुढच्या वर्षी माझी मुलगी दहावीत जाणार होती. मुलीला दहावीचं इंग्रजी मी शिकवायचं, हे ती पाळण्यात होती तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं.

साहेब येणार म्हणून नववीच्या वर्गासाठी हॉलमध्ये सतरंज्या घातल्या. पाहुण्यांनाही ऐकू यावं म्हणून हेडफोन बाजूला ठेवून संगणकाला प्रार्थनेचा लाउडस्पीकर जोडायचं ठरलं. मुख्याध्यापकांचीच ती सूचना. लाउडस्पीकरची तार आत येताना बघितली आणि पुढं काय होणार ते मला त्या क्षणी कळलं. मॅडमना ते कळणं शक्य नव्हतं. या मुलांना पाचवीपासून मी एकच सवय लावली होती. समोरून मोठ्यानं इंग्रजी आलं की ते परत म्हणायचं.

संवाद सुरू झाला. स्पीकरमधली बाई म्हणाली, "लिसन केअरफुली. डू नॉट रिपीट."

बासष्ट मुलं ओरडली, "लिसन केअरफुली! डू नॉट रिपीट!"

मॅडमनी हातानं नको नको केलं, पण मुलांची नजर छताकडे होती, पाठांतराला असते तशी. मशीनमध्ये घंटी वाजली. मुलं म्हणाली, "टिंग!" मग दुकानदार आंब्याचा भाव सांगायला लागला आणि मुलंही सांगायला लागली. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. तेव्हा मला किती बरं वाटलं, ते इथं लपवत नाही.

मॅडमनी बटण दाबून आवाज बंद केला.

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "कावून बंद केलं बाई? लई झकास चाललं होतं की!"

"साहेब, हे चुकलं. मुलांनी नुसतं ऐकायचं होतं. आत्ता ती न समजता म्हणतायत."

"चुकलं कुठं? एक पोरगं मागं राह्यलं न्हाई. मशीन बोलायलंय अन् पोरं बोलायलेत. आमच्या टायमाला मास्तर एकटाच बोलायचा."

माझ्या सवयीचं कौतुक मॅडमच्या पदरात पडत होतं. त्यांनी ते गुपचूप घेतलं असतं तर मला त्यांचा राग तरी करता आला असता. पण त्यांनी हेडफोन आणले, मुलांना चारचारच्या टोळ्यांत बसवलं आणि तोच संवाद पाळीपाळीनं ऐकवला. हॉल शांत झाला. साहेबांनी एक जांभई दिली. मग मॅडम मुलांमधून फिरत एकेकाजवळ वाकून हळूच इंग्रजीत विचारू लागल्या, त्या माणसानं दुकानातून काय घेतलं?

कुणी आंबे म्हणालं, कुणी केळी. माझ्या मुलीजवळ आल्या. ती म्हणाली, "ही डिड नॉट बाय एनिथिंग, मॅडम. ही ओन्ली आस्क्ड द रेट."

टोळीतली मुलं हसली. दोन वर्षं बाजारात सगळ्यांचंच तसं चाललं होतं. साहेबांना काही कळलं नाही, त्यांनी शेजारी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मुख्याध्यापकांनी माझ्याकडे. ते वाक्य पुस्तकात नव्हतं. मी ते कधी म्हणून घेतलेलं नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांच्या तासांत एकाही मुलानं स्वतःचं असं एक वाक्य मला ऐकवलं नव्हतं. आणि पहिलं ऐकवलं ते माझ्याच पोरीनं, दुसऱ्या कुणाला.

"काय सर," साहेब म्हणाले, "तुमी जुने मास्तर. बरोबर सांगितलं का पोरीनं?"

माझ्या तोंडातून "तसं बरोबर, पण" एवढं निघालं असतं तरी काम झालं असतं. पण उत्तराला गुण द्यायचे म्हटले तर पैकीच्या पैकी द्यावे लागले असते, आणि गुण कापायची मला सवय नाही.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

साहेब उठले. जाताना दारात मुख्याध्यापकांना म्हणाले, "दहावी या बाईंलाच द्या. पोरांचा आवाज लई खणखणीत निघतो त्यांच्या तासाला." मी ते स्पष्ट ऐकलं. मॅडमनीही ऐकलं असणार, कारण त्या खाली मान घालून लाउडस्पीकरची तार गुंडाळत होत्या.

जूनमध्ये दहावी त्यांच्याकडे गेली आणि मला पाचवी ते सातवी. त्या वर्षीही पाऊस लांबला. टँकर दुपारी यायचा. एका रविवारी मी आणि मुलगी हंडे रांगेत लावून लिंबाखाली बसलो होतो. ती कानात वायर घालून मोबाइल ऐकत होती. दिवाळीनंतर दुसरीकडं ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचे धडे बुडतात म्हणून मॅडम आतापासूनच धडे स्वतःच्या आवाजात भरून मेमरी कार्डावर द्यायला लागल्या होत्या. दहावीचा पहिला धडा तयार झाला होता. तो मी इतक्या वेळा शिकवलेला की पुस्तक लागत नसे.

"बघू," मी म्हणालो.

तिनं एक वायर माझ्या कानात दिली. मॅडमचा आवाज आला. मी पहिलं वाक्य मोठ्यानं म्हणून टाकलं. दुसरंही.

रांगेतली एक बाई म्हणाली, "सर, कुणाशी बोलायलात?" बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"पप्पा, नुसतं ऐका ना!" मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

मी तोंड मिटलं. एखादी चूक सापडेल म्हणून कान देऊन ऐकत राहिलो. एखादा अर्थ सुटेल, एखादं वाक्य घाईत जाईल. मॅडम सावकाश वाचत होत्या. जिथं मी अर्थ सांगायला थांबायचो तिथं त्या थांबून मुलांना काहीतरी विचारत होत्या आणि उत्तरासाठी जागा कोरी सोडत होत्या. त्या कोऱ्या जागेत माझी मुलगी आवाज न करता ओठ हलवून काहीतरी म्हणत होती. काय, ते मला ऐकू येत नव्हतं.

वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. तिनं माझ्या कानातली वायर काढून घेतली.

"थांब," मी म्हणालो, "पहिल्यापासून लाव परत."

"आधी हंडा धरा, पप्पा."