थोरल्या अप्पांना वाचून दाखवलेली पत्रं

सोळा-सतराव्या वर्षी आम्हा दोघींना प्रेमाच्या कादंबऱ्यांचं वेड का लागलं, हे मला आता सांगता येतं. हुलसूरच्या आमच्या घरात मुलीला 'तुला काय पाहिजे?' असं कुणी विचारत नसे. कादंबरीतला नायक मात्र पानोपानी तेच विचारी, आणि उत्तर मिळालं नाही तर जीव द्यायला निघे. भीती तिथंही होती. पण ती दुसऱ्या पोरीची. पुस्तक मिटलं की संपायची.

दोघी म्हणजे मी आणि माझी चुलत बहीण. वर्षानं मोठी, म्हणून अक्का. घरात मराठी वाचता येणाऱ्या आम्ही दोघीच. पुस्तकं उदगीरहून यायची, परत करावी लागायची, म्हणून आवडलेली पानं मी उतरवून घ्यायची. माझं अक्षर बरं होतं.

असंच एक पान, नायकाचं पत्र, अक्काच्या दप्तरात तिच्या वडिलांना सापडलं. ते, म्हणजे थोरले अप्पा, निजामाच्या राज्यात उर्दू शिकलेले. पाहुण्यांची मराठी पत्रं मीच त्यांना वाचून दाखवायची. त्या दुपारीही त्यांनी मलाच हाक मारली.

"वाच की गं. काय लिवलंय?"

दुसरंच काहीतरी जुळवून वाचता आलं असतं. सुचलंच नाही. 'तुझ्याविना मी जगणार नाही' इथपर्यंत सगळं वाचलं.

"पुस्तकातलं हाय, अप्पा," अक्का म्हणाली.

"पुस्तक असं हातानं लिवत्यात व्हय? मला येडं समजायलीस?" मग ते माझ्याकडं वळले. "तू सांग. कुणाचं अक्षर हे?"

पुस्तक माझ्याच ट्रंकेत होतं. खरं बोलले असते तर माझी शाळा सुटली असती.

"मला न्हाई ठाव."

अक्कानं माझ्याकडं नुसतं बघितलं. माझं नाव घेतलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. आज घेतलं नाही, उद्या घेईल.

शाळा तिची सुटली. परीक्षेआधीच राजेश्वर गावी देऊन टाकली, बिजवराला. मी मॅट्रिक झाले.

पुढं तिचं पत्र आलं की मी अप्पांसमोर बसून आधी डोळ्यांनी सगळं चाळायची, माझं नाव कुठं आहे का. मगच मोठ्यानं वाचायची. तिसऱ्या पत्रातही माझं नाव नव्हतं. दोनच ओळी होत्या. 'अप्पा, इथं मारतात. मला घेऊन जावा.'

ती घरी आली असती, तर कधी ना कधी बोलली असती.

"काय म्हणतीया?" अप्पांनी विचारलं.

"खुशाल हाय म्हणतीया."

"बरं झालं. घडी करून ठिव."

मी घडी केली. त्यानंतर तिनं लिहिणं सोडलं. वडिलांना सगळं कळलं आणि तरी ते आले नाहीत, असंच ती अजून समजते.