एका नावाची हजेरी

बारा वर्षं मी शाळेत शिकवलं, आणि माझ्याच लेकीनं दुसरीत वाचणं बंद केलं. ती वाचताना अडखळायची, वर्ग हसायचा. मग पुस्तक समोर धरलं की ओठ गच्च. मी नोकरी सोडली आणि तिला घरीच शिकवायचं ठरवलं. आमच्या पापडी गावातल्या शेजारणी म्हणाल्या, "बाईच घरात, आता पोरीचं सोनं होईल." मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू!

पद्धत निवडण्यात महिना गेला. कुणी म्हणे मणी-ठोकळे द्या, कुणी म्हणे वेळापत्रकच नको, पोर आपोआप शिकतं. आपोआप म्हणे! आपोआप फक्त वाडीत गवत वाढतं. मी शाळेचीच पद्धत घरी आणली. ओट्यावर फळा, दहाला घंटा, एका नावाची हजेरी. आणि एक वाजेपर्यंत मला आई नाही, बाई म्हणायचं. शिक्षिकेचं मूल त्याच शाळेत असलं की तेही वर्गात आईला बाईच म्हणतं. कुणाचे जास्त लाड नकोत म्हणून आमच्या शाळेत ही रीत.

"अगं, पण इथे दुसरं मूल आहे कुठे?" नवरा म्हणाला. मी त्याला गप्प केलं.

लेकीनं सगळं मुकाट पाळलं. वाच म्हटलं की मात्र मान खाली.

एकदा मधल्या सुट्टीत ती वाडीत केळींमधून धावताना पडली. परत येऊन गुपचूप पाटावर बसली. गुडघा सोलवटलेला, रक्त पार पावलापर्यंत आलेलं.

"अगं, सांगायचं नाही का?"

"बाई, एक वाजायला किती वेळ आहे?" तिनं गुडघा हातानं झाकला. "आईला दाखवायचंय."

बारा वर्षांचं शहाणपण गेलं चुलीत. तिला मांडीवर घेतलं, जखम धुतली, आणि तिच्याहून जास्त मीच रडले.

दुपारभर ती मांडीवरून उतरली नाही. शेजारी गोष्टीचं पुस्तक पडलं होतं, मी त्याला हातही लावला नाही. तिनंच उचललं. पहिल्याच शब्दाला अडली. तो शब्द पुरा करून द्यायला माझी जीभ शिवशिवत होती, पण दाताखाली धरली. पाचव्या खेपेला शब्द आला. मग पुढचा. एका पानाला अर्धा तास लागला.

पुस्तक मिटून तिनं वर पाहिलं. "उद्या पण आईच शिकवणार ना?"