जावेचं कार्ड

तिसऱ्यांदाही अंगठा उठला नाही. मशीनवर पुन्हा लाल अक्षरं आली. पेशंट खुर्चीत वाकून बसली होती. एक हात माझ्या मशीनवर, दुसरा पोटाशी. तिच्याबरोबर आलेली थोराड बाई म्हणाली, "ताई, कोयता धरून धरून अंगठं गेल्यात आमचं. रेशनच्या दुकानातबी असंच हुतंय."

"तुम्ही कोण हिच्या?"

"जाऊ हाय. अश्विनी."

मला हे नवीन नव्हतं. मी नगरमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात बिलिंगला आहे. सरकारी योजनेचं टेबल माझ्याकडे. योजनेत बसणाऱ्या पेशंटला ऑपरेशनचे पैसे भरावे लागत नाहीत, ते सरकारकडून दवाखान्याला येतात. त्यासाठी रेशनकार्डावर नाव लागतं, आधार लागतं आणि अंगठा. अंगठा उठला नाही तर 'ठसे झिजलेले' असा शेरा लिहायचा आणि आपला पासवर्ड टाकून पुढे जायचं. पाथर्डीकडच्या पेशंटांसाठी असे शेरे मी रोज लिहायचे. माझे वडीलही ऊसतोडीला जायचे. आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली. झिजलेल्या अंगठ्यापायी माझ्या टेबलावरून कुणी परत जात नाही, याचा मला अभिमान होता.

शेरा लिहिला. पासवर्ड टाकला. आधारवरचा फोटो बघितला. डोक्यावर पदर, चेहरा काळपट. माझ्या आईच्या आधारवरही असाच फोटो आहे, तो मावशीचा म्हणूनही खपेल.

नाव सुरेखा, वय चौतीस. पेशंट त्यापेक्षा लहान दिसत होती, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. जुना रेकॉर्ड निघाला. दोन वर्षांपूर्वी आमच्याच दवाखान्यात दुर्बिणीने गर्भाशय काढलेलं. त्याआधी मुतखडा. ती फाइल मी रेकॉर्ड रूममधून काढली आणि स्वतः कॅज्युअल्टीत नेऊन दिली.

तिथे डॉ. प्रतीक होते. नवे, पण हुशार. त्यांनी पेशंटला विचारलं, "पाळी कधी आली होती?"

पेशंटच्या आधी जाऊ बोलली. "पिशवी काढलीय तिची."

डॉक्टरांनी फाइल बघून मान हलवली. "खडाच असेल परत. सलाइन लावा, दुखण्याचं इंजेक्शन द्या. सोनोग्राफीला नंबर लावा."

सोनोग्राफीला पुढे अकरा जण होते.

मी टेबलावर येऊन प्री-ऑथ भरायला घेतलं. प्री-ऑथ म्हणजे उपचाराला योजनेची आधी घेतलेली मंजुरी. त्यावर नातेवाइकाची सही लागते. सवयीप्रमाणे मी पेशंटच्या नावानेच हाक मारली, "सुरेखा..."

बाकड्यावर बसलेली जाऊ "आं?" म्हणून अर्धी उठली. मग पटकन खाली बसली आणि चपलेचा अंगठा नीट करायला लागली.

मी जाऊन तिच्याशेजारी बसले.

"नाव काय तुमचं?"

"सांगितलं की. अश्विनी."

"मग सुरेखा म्हटल्यावर उठलात का?"

"तिचं नाव घेतलं म्हनून उठले."

"बाई, मीही पाथर्डीकडचीच आहे. माझ्यापाशी हे चालायचं नाही."

"कार्ड खरं हाय, ताई."

"कार्ड खरं आहे. माणूस?"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "पोलिसात देता का?"

त्या क्षणी मला फाइल आठवली.

"पिशवी कुणाची काढली?"

"माजी."

"आणि तिची?"

"तिची कशापायी काढत्याल? लगीन हुऊन दीड वरीस झालंय फकस्त."

"पाळी?"

"दोन म्हैनं झालं, न्हाई आली. आमाला वाटलं गोड बातमी हाय."

"मग डॉक्टरांना खोटं का सांगितलं?"

"फाइलीत तसंच हाय ना. येगळं सांगितलं असतं तर तितंच धरलं असतं आमाला." ती रडत नव्हती. हिशेबाने बोलत होती. "तिचं नाव कुटल्याच कार्डात न्हाई. म्हायेरच्यांनी कमी केलं, सासरच्या कार्डावर अजून चढलं न्हाई. दीर माजा कारखान्यावर ट्रॅक्टरवर हाय. तहसीलला किती हेलपाटं घालायचं? आन पोट काय थांबतंय व्हय?"

मी उठले. खरं सांगते, कॅज्युअल्टीपर्यंत जाताना मी पेशंटचा विचार केला नाही, माझ्या पासवर्डचा केला. दुसऱ्याच्या कार्डावर पेशंट, शेरा माझा, फाइल मी नेऊन दिलेली. नोकरी जाईल. केस होईल. गावात लोक म्हणतील, शिकून हेच केलं. दाराशी मी थांबलेसुद्धा. सोनोग्राफीत कळेलच की, असं एकदा मनात आलं. मी न सांगताच कळेल.

मग पेशंट दिसली. ओठ पांढरे पडलेले. कपाळावर घाम, आणि वर पंखा सुरू होता. सिस्टरला ती सांगत होती, "पोटाचं कमी हाय, खांदा लई दुखतोय."

"सर, ती फाइल हिची नाही," मी म्हटलं. "ही सुरेखा नाही. हिची पिशवी आहे. दोन महिने पाळी नाही."

डॉ. प्रतीक यांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला, बीपी बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. नंतर सगळं फार वेगाने झालं. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोटात रक्त साठत होतं. खांदा दुखत होता तो त्यामुळे, हे मला नंतर कळलं. अजून तासभर आम्ही खडाच समजून सोनोग्राफीची वाट बघत बसलो असतो.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सिस्टरने पेन थांबवलं. "नाव काय घालू?"

जाऊ म्हणाली, "खरं घाला. अश्विनी. आता काय हुईल ते हुऊ दे."

आम्ही दोघी थिएटरबाहेर बसलो. मला टेबलावर जायला हवं होतं, पण पाय निघत नव्हता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माज्या कार्डानं मारलं का वो तिला?"

मी म्हटलं, "पाणी प्या."

अश्विनी वाचली. चार बाटल्या रक्त लागलं.

दुसऱ्या दिवशी प्रशासक साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "शेरा कुणाचा?"

"माझा."

"क्लेम गेलेला नाही अजून. प्री-ऑथ रद्द कर, कारण लिही 'तांत्रिक चूक'. विषय संपला."

"आणि पेशंट?"

"कॅश पेशंट. बिल भरेल, जाईल."

"ती कुठून भरणार, सर? ट्रस्टच्या दवाखान्यात निर्धन रुग्णांसाठी निधी असतो. त्यातून करू."

"त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. आणि अर्जात लिहावं लागतं, पेशंट आधी योजनेत का दाखवली. काय लिहिणार?"

"झालं ते लिहीन."

साहेबांनी चष्मा काढला. "तुला कळतंय ना, तू स्वतःविरुद्ध लिहिते आहेस?"

मला कळत होतं. तरी लिहिलं, मराठीत, एक पान.

घरी सोडताना अश्विनीच्या नवऱ्याने हमीपत्रावर सही केली. दाखल्याला वेळ लागला. तोवर आमच्याच रिकव्हरीचे लोक त्यांना रोज फोन करत होते. बिल थकलं की नाव आपोआप त्यांच्या यादीत जातं, ते थांबवायचं माझ्या लक्षात आलं नाही. भीतीने त्या घराने फोन बंद करून टाकला. दाखला तयार झाल्याचा निरोप द्यायला मी फोन करत राहिले, लागेना. शेवटी रविवारी एसटीने तिसगावला उतरले, तिथून जीपने त्यांच्या वस्तीवर. मला बघून अश्विनी घरात पळाली. तिला वाटलं, वसुलीला आले.

बिल निधीतून माफ झालं. तिचं नाव रेशनकार्डावर चढलं. डॉ. प्रतीक आता फाइल उघडायच्या आधी पेशंटला तिचं नाव विचारतात. मला मेमो मिळाला आणि एका वर्षाची पगारवाढ थांबली.

आता कार्ड मागायच्या आधी मी सोबतच्यांना बाहेर बसवते. पेशंटला म्हणते, "कार्ड कुणाचंही असो, डॉक्टरला सगळं स्वतःचं सांग. पैशासाठी आपण नंतर भांडू." साहेबांना हे वाक्य आवडत नाही. ते म्हणतात, अशाने खोट्या कार्डावरचे पेशंट येतील. येतात. आजवर चौघी आल्या. चौघींच्या फाइलवर त्यांचं स्वतःचं नाव आहे, आणि चौघींच्या बिलांवरून माझं साहेबांशी भांडण झालेलं आहे.