गाऱ्हाणं घातलेला राउटर

आचऱ्याच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत नवा राउटर आला, तेव्हा त्याला हार घातला, पुढ्यात नारळ ठेवला आणि चेअरमननी देवाला लांबलचक गाऱ्हाणं घातलं. पाहुण्या पुढाऱ्याचं भाषण त्याहून लांबलं. सोसायटीचा संगणक मी सांभाळायचो, म्हणून मला शेवटच्या रांगेत खुर्ची होती.

दुपारी वारा वाढला. संगणकाच्या नकाशावर आमच्या सात होड्यांचे ठिपके दिसत. प्रत्येक होडीवरचं यंत्र दर दहा मिनिटांनी आपली जागा कळवी. सातही ठिपके अकरा वाजल्यापासून हलले नव्हते. एका होडीच्या तांडेलाची बायको बाकावर येऊन बसली होती. तिच्या नवऱ्याचा ठिपका खडकांना लागून थांबलेला. त्याचा फोन लागत नव्हता. सगळेच थांबलेत म्हणजे बिघाड आपल्याकडे, हे मला कळत होतं. पण होडी खरंच कुठे आहे, ते त्यावरून कळत नव्हतं.

शोधलं तेव्हा दिसलं, की नव्याचा मान म्हणून कुणीतरी संगणकाची वायर जुन्या राउटरमधून काढून नव्यात खोचली होती. होड्यांचे निरोप जुना राउटर संगणकाच्या जुन्या पत्त्यावर पाठवत होता. तिथे आता कुणी नव्हतं. नव्याने संगणकाला दुसराच पत्ता दिला होता, आणि नव्याचा पासवर्ड राउटर बसवणाऱ्या माणसाबरोबर कणकवलीला गेला होता. वायर परत जुन्यात लावायची, एवढंच हातात होतं.

मी हाराखाली हात घातला तसे चेअरमन आडवे आले. गाऱ्हाणं घातलेल्या वस्तूला दिवस मावळेपर्यंत हात लावायचा नाही, म्हणाले. गावात नव्या गाडीलाही हाच नियम. माझा हात तिथेच राहिला, याची आजही लाज वाटते.

बाकावरून ती उठली. "देवाक काय ता मी सांगतंय. तू वायर काढ रे."

काढली. जुन्यात लावली, संगणकाला जुना पत्ता दिला. आता पुढच्या निरोपाची वाट. एकेक करून सहा ठिपके उडी मारून किनाऱ्याकडे सरकले. सातवा तिथेच. चेअरमन हारातल्या पाकळ्या खुडत उभे होते. मी पडद्याकडे बघत होतो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग तोही हलला. खडक सोडून बराच आत, खाडीच्या तोंडाशी आला.

"ह्यो आताचो आसा की सकाळचो?" तिने विचारलं.

आताचाच, मी म्हणालो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पायऱ्या उतरली आणि बंदराकडे पळत सुटली.