लाल पाटी आणि शेवटचा सूर

शनिवारी सकाळी डीली मावशीच्या घरी उठल्याबरोबर झाडू हातात घेतलेला चालत नसे. आधी ती रेकॉर्ड काढायची, प्लेअरवर ठेवायची, सुई टेकवायची आणि कमरेत वाकून सुईच्या दांड्याकडे बघत राहायची. दांडा डावी-उजवीकडे डुलताना दिसला की रेकॉर्ड थांबवून बोटाने केसभर सरकवायची. पुन्हा सुई, पुन्हा बघणं. तोवर आम्ही सगळी भावंडं जिथे असू तिथे पुतळ्यासारखी उभी, कारण जमीन लाकडी आणि कुणी पाऊल टाकलं की सुई उडी मारायची. दांडा सरळ चालायला लागला की ती म्हणायची, "हं, लागा कामाला." ड्रमचा पहिला ठोका पडायचा आणि बादल्या, फडकी, झाडू एकदम सुरू व्हायचे. बाजू उलटताना मधेच पुन्हा पुतळे. दुसरी बाजू संपेपर्यंत घर लख्ख झालंच पाहिजे; मग मक्याच्या कण्या आणि तळलेला मासा.

ती रेकॉर्ड मुळातच खराब होती. तिचं भोक मधोमध नव्हतं. अमेरिकेत, डेटनमध्ये आमच्या वस्तीत बहुतेक प्रत्येक घरी तीच रेकॉर्ड होती, पण त्यांना ती सरकवावी लागत नसे. हे मला मैत्रिणींच्या घरी जायला लागल्यावर समजलं. आमच्याचकडे खराब का, ते मावशीने मला पुढे कधीतरी सांगितलं.

मावशीचं पूर्ण नाव आर्डेलिया मॅबरी. खरं तर ती माझ्या आईची मावशी, पण सगळे तिला मावशीच म्हणतात. रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यात ती तेविसाव्या वर्षी पॅकिंगला लागली. सहा वर्षं उभ्याने रेकॉर्ड पाकिटात सरकवल्या. त्यानंतर तिला काचेच्या खोलीतली खुर्ची मिळाली. तिथे बायका हेडफोन लावून बसत आणि प्रेसवर तयार झालेल्या दर शंभरातली एक रेकॉर्ड ऐकत. सगळी नाही; प्रत्येक बाजूची सुरुवात, थोडा मधला भाग आणि शेवट. खरखर, टकटक, सूर हलणं, काहीही खटकलं तर खुंटीवरची लाल पाटी घेऊन जायचं आणि त्या प्रेसवर लटकवायची. पाटी लागली की प्रेस बंद. हा अधिकार ऐकणारीचा; मुकादमही पाटी काढू शकत नसे. पॅकिंगमधून त्या खुर्चीवर पोचलेली मावशी पहिलीच. तिच्या पायांच्या शिरा तेव्हाच सुजायला लागल्या होत्या, त्यामुळे खुर्ची ही तिच्यासाठी नुसती बढती नव्हती.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या वसंतात तिने एक चूक केली. कुठल्याशा गिटारवाल्याच्या रेकॉर्डवर तिला सारखी टक-टक ऐकू आली. तिने पाटी लावली. दोन प्रेस अर्धा दिवस थंड पडले. शेवटी स्टुडिओतून उत्तर आलं, की वाजवणाऱ्याच्या बोटात अंगठी आहे, ती गिटारला लागते आणि त्याला ती लागलेलीच हवी आहे.

मुकादम हॅस्क्यू तिच्या खोलीत आला आणि दारातच उभा राहिला.

"डीलिया, अंगठी आवडली का?"

"चुकलं साहेब."

"आणखी एकदा चुकलं तर पॅकिंगमध्ये तुझी जागा अजून रिकामीच आहे."

त्या रात्री नाही, पण पुढच्या आठवड्यात कामावर असताना मावशीने ती रेकॉर्ड पुन्हा ऐकली आणि तिच्या लक्षात आलं की टकटक गाण्याच्या तालात येत होती. रेकॉर्डवरचा ओरखडा तालात कशाला येईल? तो दर फेरीला एकदा येणार. मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची रेकॉर्ड एक फेरी घेते एक सेकंद आणि आठ दशांशात. गाणं संथ असो की जलद, तिला काय त्याचं! मावशी हे असं सांगते: "माणसाची चूक गाण्याबरोबर चालते, तबकडीची चूक तबकडीबरोबर फिरते." मी तंत्रशिक्षणाला चार वर्षं घालवली, पण इतकं सुटसुटीत कुणी शिकवलं नाही.

त्याच वर्षी शरदात ल्युशस टार्व्हरची रेकॉर्ड कारखान्यात आली. ल्युशस आमच्याच चर्चमधला. बाराव्या वर्षापासून तिथला ऑर्गन वाजवणारा. या रेकॉर्डवर ड्रम, बेस, गिटार, ऑर्गन, सगळं त्याने एकट्याने वाजवलं होतं, एकावर एक थर चढवत. रेडिओवर दोन गाणी आधीच गाजत होती. दुकानदारांनी काचेत फोटो लावले होते. शनिवारी सकाळी ट्रक भरायचा होता.

शुक्रवारी दुपारी मावशीच्या हातात त्यातली एक रेकॉर्ड आली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संथ आहे. ते ऑर्गनच्या एका लांब सुरावर संपतं, वीसेक सेकंद. तो सूर हलत होता. खाली जायचा, वर यायचा, पुन्हा खाली.

आता अडचण अशी, की त्या ऑर्गनच्या पेटीत फिरणारा भोंगा असतो. तो फिरला की सूर लहरतोच. लोकांना तेच तर आवडतं. मावशीने रेकॉर्डच्या लेबलवर पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवला आणि बघत ऐकलं. तुकडा तिच्या अंगठ्यासमोर आला की सूर खाली. पुन्हा समोर, पुन्हा खाली. दहा वेळा मोजलं. तिने हॅस्क्यूला बोलावलं.

हॅस्क्यूने एका कानाला हेडफोन लावला. "ऑर्गनचा भोंगा आहे हा. तुमच्या चर्चमध्ये नाही का?"

"आहे साहेब. पण हा तबकडीबरोबर फिरतोय. साच्याचं भोक सरकलंय."

"भोंगाही जवळजवळ तेवढ्याच वेगाने फिरतो."

"जवळजवळ, साहेब."

"मोजमाप करणारा माणूस सोमवारी येणार. ट्रक उद्या. आणि प्लास्टिक किती महाग झालंय ते तुला ठाऊक आहे. नऊशे झाल्यात छापून. अंगठी विसरलीस?"

"अंगठी आठवली म्हणूनच दहा वेळा मोजलं."

शेजारच्या खुर्चीवरची झर्लीन, मावशीची मैत्रीण, हेडफोन न काढता म्हणाली, "डीली, कोण ऐकतंय तो शेवटचा सूर? तोवर लोक उठून नाचायला दुसरी लावतात."

मावशी म्हणते, तिने त्या वेळी चर्च आठवलं. संथ प्रार्थनेच्या शेवटी पास्टर हात वर करायचे, आणि ल्युशस भोंगा बंद करून सूर तसाच धरून ठेवायचा. बारीक, सपाट, बिनहलता. कारण त्यानंतर प्रार्थना बोलायची असे आणि लहरत्या सुरावर शब्द नीट ऐकू येत नसत. दर रविवारी तसंच, वर्षानुवर्षं. त्या मुलाने शेवटचा सूर कधी हलवला नव्हता. पण स्टुडिओत त्याने काय केलं ते तिला कुठे माहीत होतं? अंगठीवाल्याचंही तिला माहीत नव्हतं.

तिने लाल पाटी घेतली, जाऊन प्रेसवर लटकवली. हॅस्क्यूने पाटीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "सोमवारी येताना आरामाचे बूट घालून ये," तो म्हणाला. "उभं राहावं लागेल."

शनिवारी ट्रक रिकामा गेला. रविवारी चर्चमध्ये बातमी तिच्या आधी पोचली होती. प्रार्थना संपल्यावर ल्युशसची आई, मिसेस टार्व्हर, पांढरे हातमोजे घालूनच तिच्यासमोर येऊन ठाकली. लोकांना जागेवर बसवायचं काम त्या चर्चमध्ये तिच्याकडे. तिला बघून भलेभले पाय आवरून घेत.

"आर्डेलिया, माझ्या पोराची रेकॉर्ड तू अडवलीस म्हणे?"

"हो, टार्व्हरकाकू."

"दोन वर्षं त्या पोराने त्यात घातली. गावागावांत वाजवत फिरतोय, आणि त्याच्या स्वतःच्या गावात दुकानात रेकॉर्ड नाही. आपल्याच माणसाने पाय ओढायचे का?"

"काकू, शेवटचा सूर हलतो."

"काय करतो?"

"हलतो. संथ गाण्याच्या शेवटी."

मिसेस टार्व्हरने एक हातमोजा काढला. "माझं पोर शेवटचा सूर हलवत नाही," ती म्हणाली. "तेरा वर्षांचा असताना एकदा हलवला होता. पास्टरसमोर. घरी नेऊन असा धुतला, की पुन्हा हिंमत झाली नाही." मग आवाज खाली आणून, "तू नक्की ऐकलंस ना?"

"दहा वेळा."

"मग अडव. आणि जेवायला ये, अशी काय सुकून गेलीस!"

मावशी जेवायला गेली. सोमवारी ती खरोखरच आरामाचे बूट घालून गेली.

मोजणारा माणूस साचा सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसला. मावशी काचेच्या खोलीत दुसऱ्याच कुणाची तरी रेकॉर्ड ऐकत होती. काय ऐकलं ते तिला आजही सांगता येत नाही. दहाच्या सुमारास हॅस्क्यू आला. दारात उभा राहिला नाही, आत आला.

"दुसऱ्या बाजूचा साचा बाहेर," तो म्हणाला. "मर्यादेच्या दुप्पट सरकलाय. नऊशे दळायला पाठवल्या." मग तिच्या पायांकडे बघून, "बूट चांगले आहेत."

झर्लीन त्यावर इतकी हसली की तिच्या हेडफोनची वायर निघाली.

खराब रेकॉर्ड दळून तिचंच प्लास्टिक पुन्हा वापरत. मावशीने हॅस्क्यूकडे त्यातली एक मागितली.

"खराब कशाला? नवी घे की."

"नवी दुकानात मिळेल, साहेब. ही कुठे मिळणार?"

घरी आणून तिने गोल कानशीने भोक थोडं मोठं केलं, म्हणजे रेकॉर्ड सरकवून मधोमध आणता येईल. ती तिने पहिल्यांदा पूर्ण ऐकली तेव्हा शनिवार सकाळ होती आणि हातात झाडू होता. तोवर या रेकॉर्डचे तिने फक्त तुकडे ऐकले होते, तेही चुका शोधत. आता पहिल्याच गाण्यात तिला दिसलं, की बेस ठोक्याच्या जरासा मागून येतो आणि ड्रम त्याच्यासाठी जागा सोडतो. "ड्रम वाजवणारा ल्युशस बेस वाजवणाऱ्या ल्युशसची वाट बघतो," ती म्हणते. "आणि बेसवाला तर तेव्हा अजून आलेलाही नसतो! आधी ड्रम वाजवून ठेवले ना त्याने. न आलेल्या स्वतःसाठी जागा धरून ठेवायची. करून बघा." तिसऱ्या गाण्यात गिटार थांबते त्या जागी त्याचा श्वास ऐकू येतो. चौथं तर निव्वळ भांडण आहे, चार जणांचं, चौघेही तोच. आणि एवढा दंगा करून शेवटी तो एक सूर, न हलणारा.

मावशी त्या खुर्चीवर आणखी अकरा वर्षं बसली, कारखाना बंद होईपर्यंत. यंदा ती एक्याऐंशीची आहे. वर्षानुवर्षं काचेबाहेर प्रेस धडधडत होते, त्याची किंमत कानांनी दिली. मी श्रवणयंत्रं बसवण्याचं काम करते, तेव्हा तिची यंत्रं मीच बसवली, नवी, महागातली. पहिल्या शनिवारी मी मुद्दाम तिच्या घरी गेले. तिने रेकॉर्ड लावली, बोटाने सरकवली. मी पुतळा झाले. दांडा सरळ चालला. आम्ही दोघींनी मिळून घर आवरलं आणि दुसरी बाजू संपत आली.

"हलतोय," मावशी म्हणाली.

"काय?"

"शेवटचा सूर."

मी वाकून पाहिलं. दांडा स्थिर होता. मला तर सूर सपाट ऐकू येत होता. "मावशी, यंत्र नवीन आहे. आठवडाभरात सवय होईल."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हॅस्क्यूसारखं बोलू नकोस."

तिने सुई पुन्हा मागे ठेवली, लेबलवरच्या एका अक्षरावर नजर धरली आणि मोजायला लागली. "फेरीबरोबर नाही. गाण्याबरोबर नाही. तबकडीची चूक नाही, ल्युशसची नाही. मग कुणाची उरली?"

माझी. श्रवणयंत्रात शिटी वाजू नये म्हणून एक सोय असते. ती लांब, सपाट सुरालाच शिटी समजते आणि दाबायला जाते, त्यात सूर थरथरतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण आमच्याकडे येणारे लोक बोलणं ऐकू यावं म्हणून येतात. ऑर्गनचं कुणी विचारत नाही, म्हणून मी ती सोय चालूच ठेवते, सगळ्यांचीच. मी फोन काढला, त्यावरून यंत्रात संगीतासाठी वेगळी मांडणी केली, तिच्यात ती सोय बंद केली.

सुई तिसऱ्यांदा टेकली. मावशी डोळे मिटून, एक हात झाडूवर ठेवून उभी. वीस सेकंद. रेकॉर्ड संपून सुई लेबलापाशी खरखरायला लागली तरी ती हलली नाही.

"काढ पाटी," ती म्हणाली. "आणि त्या बाकीच्यांचीही तपासून घे. तुझ्याकडे येणाऱ्यांत आमच्या चर्चचे निम्मे आहेत. रविवारी बिचारे ल्युशसच्या जागी बसलेल्या पोरीला शिव्या घालत असतील."

सोमवारी मी आमच्या चर्चमधल्यांची यादी काढली. सतरा जण निघाले.